चुलीलाही वाफसा लागतो

(बीड जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



बैठकीच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, विजेचे बिल आहे. त्यांच्याखाली 'चूल' हा शब्द वाचून काही भाऊ हसले. मायबहिणी मात्र हसल्या नाहीत, हे आम्ही इथून पाहिले. त्यांना ठाऊक आहे की कापसाचा भाव वर्षातून एकदा डोळ्यांत पाणी आणतो आणि चूल रोज दोनदा आणते.

आपण कोरडवाहू माणसे. कापूस, तूर, ज्वारी, बाजरी हे आपले घर. सरपण आपल्याला विकत आणावे लागत नाही, म्हणून आपण त्याचा हिशेब कधी केला नाही. ज्या वस्तूचा हिशेब नाही ती वाया जाते. अडतीवर आपला माल अर्धा किलो कमी भरला तर आपण काटा धरून उभे राहतो. पण स्वयंपाकघराच्या कौलांतून सकाळ-संध्याकाळ जे निळसर-पांढरे बाहेर पडते त्याला कोणी काटा लावला नाही. आज आपण तो लावू.

धूर म्हणजे काय?

रात्री घरी गेल्यावर एक प्रयोग करा. मेणबत्ती पेटवा, चांगली जळू द्या आणि फुंकर मारून विझवा. वातीतून धुराची बारीक दोरी वर जाईल. त्या धुराला, वातीपासून दोन बोटे वर, पेटती काडी लावा. धूर पेट घेतो आणि ज्योत खाली उडी मारून पुन्हा वातीवर येऊन बसते. पोरांना जादू वाटेल, पण ती जादू नाही. वातीच्या उष्णतेने मेणाची वाफ झाली होती, तिला जळायची संधी मिळाली नाही, तेवढेच.

लाकडाचेही तेच आहे. आपण म्हणतो लाकूड जळते. खरे तर लाकूड आधी तापते, मग त्यातले पाणी उडते. पुढे अडीचशे-तीनशे अंशांच्या वर गेले की लाकूड फुटून त्यातून गॅस आणि डांबरासारखी वाफ बाहेर पडते. आपल्याला दिसणारी ज्वाळा ही त्या गॅसची. गॅस निघून गेल्यावर जो लाल निखारा उरतो, तो कोळसा. म्हणजे प्रत्येक काडीत एक गॅसची टाकी आणि एक कोळशाची पाटी आहे. गॅस जळाला तर ज्वाळा, न जळता निसटला तर धूर. धूर म्हणजे न जळलेले सरपण. ते भिंतीला काजळी म्हणून चिकटते, डोळ्याला झोंबते आणि बाईच्या छातीत जाऊन बसते. घरातल्या चुलींच्या धुरामुळे भारतात २०१९ या एका वर्षात सुमारे सहा लाख मृत्यू झाले, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्यात आपल्या वाड्या-वस्त्या आहेत आणि ऊसतोडीला गेलेल्या आपल्या माणसांच्या कोप्याही आहेत.

आता कोणी म्हणेल, घरोघरी गॅस आला, हे जुने कशाला उगाळता? २०१६ साली उज्ज्वला योजना आली, शेगड्या आल्या, हे खरे. पण २०२२ च्या मे महिन्यात टाकीचा भाव हजाराच्या वर गेला तेव्हा किती घरांत ती शेगडी पाहुण्यांच्या चहापुरती उरली, ते प्रत्येकाने आपल्या मनाशी आठवावे. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी आपली वाटणी आहे. गॅस परवडतो त्यांनी तो जरूर वापरावा. आमचे बोलणे चुलीवरच्या उरलेल्या कामाबद्दल आहे.

एक टँकर हवा

एक किलो वाळलेले सरपण पूर्ण जळायला सुमारे पाच-साडेपाच किलो हवा लागते. हवा हलकी, म्हणून जागा मोठी घेते. एवढी हवा म्हणजे जवळपास पाच हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्या गावाला येतो तो पाच हजार लिटरचा टँकर डोळ्यापुढे आणा. किलोभर काडी जाळायला तेवढा टँकर भरून हवा लागते.

मग तीन दगडांच्या चुलीला हवा कमी पडते का? चूल तर तिन्ही बाजूंनी उघडी असते. गोम इथेच आहे. हवा भरपूर येते, पण नको तिथे येते, थंड येते आणि गॅसमध्ये मिसळतच नाही. पाणी धो धो पडले म्हणून पीक येते का? रान चिबडले तरी पीक जाते, कोरडे राहिले तरी जाते. आपण वाफसा पाहून पेरतो. वाफशात माती, ओल आणि हवा यांचे माप जमलेले असते. चुलीचाही असा वाफसा आहे. गॅस, हवा आणि उष्णता एका जागी आली, नीट मिसळली आणि त्यांना जळायला क्षणभर सवड मिळाली, तर धूर होत नाही. यातले एक जरी चुकले तरी फुकणी हातात घ्यावी लागते. बाई फुकणीने फुंकते तेव्हा ती दुसरे काय करते? नको तिथे असलेली हवा हवी तिथे नेऊन घालते. त्या फुंकरीचे काम चुलीच्या बांधणीने केले पाहिजे.

दोन हवांची चूल

लाकडाच्या गॅसची शेगडी म्हणतात ती हीच. तिची युक्ती सोपी आहे. एक उभा डबा घ्यायचा. त्यात काडीचे तुकडे आधीच भरून ठेवायचे आणि ते वरून पेटवायचे. हो, वरून. आपली सगळ्यांची सवय खालून पेटवायची, म्हणून हे उलटे वाटते.

वरून पेटवल्यावर विस्तव हळूहळू खाली सरकतो. तळाच्या भोकांतून थोडी हवा येते. हिला आपण 'खालची हवा' म्हणू. ती इतकीच हवी की काडीतून गॅस निघावा, पण काडी भडकून जळू नये. निघालेला गॅस वरच्या लाल कोळशाच्या थरातून वर चढतो. तिथे, डब्याच्या तोंडाशी, चहूबाजूंच्या भोकांतून दुसरी हवा येते. ही 'वरची हवा'. ती दोन डब्यांच्या मधल्या फटीतून वर येताना तापलेली असते. तापलेला गॅस आणि तापलेली हवा एकमेकांना भिडतात आणि तोंडाशी स्वच्छ ज्योतींची माळ लागते. खालच्या हवेपेक्षा वरची हवा तीन-चार पट लागते. सगळे गणित या प्रमाणात आहे.

ही कल्पना जगात नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा आपल्याकडेही कोळशाच्या गॅसवर सर्व्हिस मोटारी धावल्या. जुन्या माणसांनी मोटारीमागची ती भट्टी पाहिली असेल. स्वयंपाकाच्या शेगडीत हा वरून पेटवायचा प्रकार अमेरिकेत टॉम रीड यांनी १९८५ च्या सुमारास करून पाहिला. नॉर्वेचे पॉल वेंडेल्बो स्वतंत्रपणे त्याच वाटेने गेले आणि १९९० च्या दशकात युगांडातल्या निर्वासितांच्या छावणीत त्यांनी गवत आणि बारीक काड्यांवर तशी शेगडी चालवली. आमच्या मनात लगेच कारखान्याच्या फडाजवळच्या कोप्या आल्या. तिथेही तीन दगड, ओले सरपण आणि पहाटे तीनला पेटवायची घाई.

महाराष्ट्रातही काम झाले आहे. डॉ. आनंद कर्वे, म्हणजे इरावतीबाईंचे चिरंजीव, यांनी १९९६ साली 'आरती' ही संस्था काढली. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तिच्या कामाला २००२ साली इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी पुण्यात 'समुचित'च्या वतीने 'संपदा' ही काडीच्या गॅसची शेगडी आणली. तिच्यात स्वयंपाक होतो आणि शेवटी कोळसा हाती उरतो.

दोन धडे

पण भावांनो, चांगली युक्ती असली की ती घरात टिकतेच असे नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, सरकारी सुधारित चूल. १९८३ साली प्रयोग सुरू झाला, पुढे तो देशभर गेला आणि २००२ साली बंद झाला. तोवर साडेतीन कोटींच्या आसपास चुली कागदावर बसल्या होत्या. आमच्या ओळखीच्या घरांतही बसल्या. धुराडे छपरातून काढले, पावसाळ्यात त्या भोकातून पाणी गळले, नळीत काजळी साचली, ती कशी काढायची हे कोणी सांगितले नव्हते. मालकाने नळी उपटून भोक बुजवले. चूल राहिली, सुधारणा गेली.

दुसरी, 'ऊर्जा' शेगडी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. मुकुंदा यांच्या चमूने ती घडवली आणि २००६ साली बीपी या तेल कंपनीने ती बाजारात आणली. आत छोटा पंखा, ज्योत सुंदर, धूर अगदी कमी. महाराष्ट्र-कर्नाटकात मिळून ती चार लाखांच्या वर घरांत गेली. २००९ साली हा धंदा पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे आला. पण ती चालायची कंपनीच्याच कांडीवर, म्हणजे शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या पेलेटवर. त्या काडीकचऱ्याला कारखान्यांचे गिऱ्हाईक लागले, कांडीचा भाव चढत गेला आणि घरोघरच्या शेगड्या माळ्यावर गेल्या. शेगडीत खोट नव्हती. सरपणाची किल्ली दुसऱ्याच्या हातात होती. काडी आपल्या रानातली, पण ती दाबून परत आपल्याच चुलीत घालायला आपल्याला परवडली नाही. हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको. कापसाचे आणि कापडाचे आपण तेच पाहत आलो आहोत.

म्हणून आम्ही ठरवले की आपल्या रानातल्या काडीवर चालेल, गावच्या लोहाराला करता येईल आणि भाकरी ज्यावर होईल, अशीच शेगडी करून पाहायची.

आमचे तीन डबे

पहिला डबा आम्ही शहाणपणाने केला आणि फसलो. हवा हवी ना, मग तळाला चाळणीसारखी भोके पाडली. पेटवल्याबरोबर ज्वाळा कमरेएवढी उठली. सगळे खूश झाले. पाच-सात मिनिटांत ज्वाळा पिवळी पडली, डबा धुराने भरला, पातेले काळेकुट्ट झाले. खालची हवा जास्त झाल्यामुळे काडीने एकदम सगळा गॅस सोडला आणि वरची हवा त्याला पुरी पडेना. एक म्हातारी म्हणाली, "डबा पेटला का तुम्ही पेटवला?" आम्ही गप्प बसलो.

दुसऱ्या डब्यात तळाची भोके कमी केली, वरची वाढवली. ज्योत चांगली लागली, पण मधूनमधून फडफडे आणि विझे. विझली की धूर, पुन्हा काडी लावायची. दोन चुका सापडल्या. पातेले डब्याच्या तोंडावर सपाट बसवले होते, त्यामुळे जळालेल्या हवेला बाहेर जायला वाट नव्हती. वाट नसली की खालून ओढ लागत नाही. आणि शेगडी ओट्यावर वाऱ्याच्या तोंडाला होती. एका बाजूच्या भोकांतून वारा घुसून दुसऱ्या बाजूने ज्योत बाहेर फेकत होता.

तिसऱ्या डब्याला गळा बसवला. तोंडावर मध्ये भोक असलेली पत्र्याची चकती आणि तिच्यावर वीतभर उंचीची रुंद नळी. चकतीमुळे गॅस आणि हवा मध्यभागी एकत्र दाबली जाऊन मिसळतात. नळीमुळे ओढ वाढते, जशी उंच धुराड्याने भट्टीची वाढते. पातेल्याखाली तीन खुंट्या ठोकून बोटभर फट ठेवली. वाऱ्याच्या बाजूला विटांचा आडोसा केला. या वेळी डबा अर्धा तास बिनधुराचा चालला.

ज्या घरच्या ओट्यावर हा प्रयोग चालला होता तिथल्या सूनबाई सगळे पाहत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "धूर न्हाई हे खरं. पर मी भाकर कुठं शेकू?" एवढ्या खटाटोपात हा प्रश्न आमच्या एकाही पुरुषाच्या डोक्यात आला नव्हता. भाकरी तव्यावर टाकतात, पाणी लावून उलटतात आणि मग चुलीच्या तोंडाशी आहारावर उभी करून फुगवतात. या डब्याला पुढे तोंडच नाही. उपाय त्याच बाईंनी काढला. तवा थोडा बाजूला सरकवायचा, गळ्यावर तारेची जाळी टाकायची आणि भाकरी जाळीवर क्षणभर शेकायची. ज्योत स्वच्छ असली तर भाकरीला काजळी लागत नाही, धुराचा वासही लागत नाही. आमचे सांगणे एवढेच की चुलीची परीक्षा भाकरीवर घ्या, पाण्याच्या पातेल्यावर घेऊ नका.

मापे

लोहाराला सांगायला मापे लिहून घ्या. ही सुरुवातीची मापे आहेत. आपल्या काडीप्रमाणे भोके कमीजास्त करावी लागतील.

आतला डबा १५ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच. तळाला ५ मिलिमीटरची २५ भोके. वरच्या काठाखाली दोन बोटांवर ८ मिलिमीटरची ३० भोके, सभोवार सारख्या अंतरावर. हिशेब केला तर वरच्या भोकांचे क्षेत्र खालच्यांच्या तिप्पट भरते.

बाहेरचा डबा चहूबाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर मोठा. वरची फट पत्र्याच्या कड्याने बंद करायची, म्हणजे तापलेली हवा आतल्या भोकांतूनच जाईल. बाहेरच्या डब्याच्या अंगाला खालच्या बाजूने मोठी भोके, वरची हवा आत यायला. दोन्ही डब्यांचे तळ एकमेकांना टेकवून एकदमच भोकायचे आणि शेगडी तीन विटांवर ठेवायची. खाली पत्र्याची पट्टी सरकवली की तळाची भोके झाकतात. हीच आपली झडप. डाळीला मंद विस्तव हवा असेल तर पट्टी पुढे सरकवा, भाकरीला मोठा हवा असेल तर मागे घ्या. दार वरच्या हवेला लावायचे नाही. ती कायम मोकळी ठेवायची.

तोंडावरच्या चकतीचे भोक साडेसात-आठ सेंटिमीटर. जस्ताचा मुलामा दिलेला नवा पत्रा आतल्या डब्याला वापरू नका, तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो. तेलाच्या डब्याचा पत्रा प्रयोगाला ठीक आहे, पण थोड्याच दिवसांत जळून जातो. प्रयोग जमला की लोहाराकडून जाड पत्र्याचा किंवा जुन्या स्टीलच्या डब्याचा करून घ्या.

काहींनी कॉम्प्युटरमधला छोटा पंखा बॅटरीवर लावून पाहिला आहे. पंख्याने ज्योत नक्की सुधारते. सरकारी मानकही तेच सांगते. बिनपंख्याच्या शेगडीने निदान २५ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे, पंख्याच्या शेगडीने ३५ टक्के, आणि पंख्याच्या शेगडीला धुराच्या कणांची सूटही निम्म्याहून कमी आहे. ज्याच्या घरी बॅटरी चार्ज करायची सोय आहे त्याने जरूर लावावा, पण पंखा बंद पडला तरी चूल चालली पाहिजे.

काडी कोणती, कशी?

व्यापारी आपल्या कापसात हात घालतो आणि म्हणतो, "मालात हवा आहे." त्याची हवा म्हणजे ओल. सीसीआयसुद्धा आठ टक्क्यांच्या वर ओल असली की भाव कापते आणि बाराच्या वर मालच घेत नाही. चूलही तशीच आहे. ओल्या काडीतले पाणी उडवण्यात विस्तवाची ताकद जाते, गॅस थंड पडतो आणि धूर होतो. काडी वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. नुसती लवली तर अजून उन्हात टाका.

कडबा जाळायचा नाही, तो जनावरांचा घास आहे. आपल्याकडे आहेत पळाट्या, तुराट्या, ज्वारीची धसकटे आणि वेडी बाभूळ. धसकटांची माती झटकून घ्या, नाहीतर तळाची भोके बुजतात. भुसा नुसता भरू नका, त्यातून हवा वर चढत नाही. सगळ्यांत चांगले म्हणजे बोटाएवढ्या जाडीचे आणि दोन-तीन इंच लांबीचे तुकडे. फार लांब काड्या उभ्या भरल्या तर मधल्या फटींतून विस्तव एकदम तळाला उतरतो. डबा काठोकाठ भरू नका, वरची भोके मोकळी राहिली पाहिजेत. वर मूठभर बारीक काटक्या आणि तेलात भिजवलेली कापसाची वात ठेवली की एका काडीत पेटते. मध्येच वरून सरपण घालू नका. घातले की धूर होणारच. एक डबा म्हणजे एक पाळी. दुसरी पाळी हवी तर दुसरा आतला डबा भरून तयार ठेवा.

पळाटीबद्दल आणखी एक गोष्ट. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपले काय केले ते कोणी विसरलेले नाही. पळाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांतून, कवड्यांतून ही अळी पुढच्या हंगामाला पोहोचते. म्हणून शास्त्रज्ञ सांगतात, फरदड घेऊ नका आणि पळाट्यांच्या गंजी बांधावर किंवा घराशेजारी रचून ठेवू नका. आपण मात्र सरपण म्हणून मृगापर्यंत रचून ठेवतो. आता मार्ग असा आहे: पळाटी उपटली की लगेच बोंडे झाडून ती खड्ड्यात जाळायची आणि काडीचे तुकडे करून, वाळवून पोत्यात भरायचे. चुलीला लागते तसे सरपण आणि अळीचा बंदोबस्त, दोन्ही एकाच कामात होतात.

हिशेब

आता काटा लावू. कोरडवाहू एकराला सुमारे टनभर पळाटी धरू. वाळलेल्या किलोभर पळाटीत साडेतीन हजार किलोकॅलरी धरल्या तर टनात पस्तीस लाख झाल्या. तीन दगडांच्या चुलीवर यातला आठवा हिस्सासुद्धा भांड्याला लागत नाही, बाकीचा धुरात आणि वाऱ्यात जातो. गॅसच्या १४.२ किलोच्या टाकीतून भांड्याला साधारण ८५ हजार किलोकॅलरी मिळतात. त्या मापाने आपल्या एकराची पळाटी तीन दगडांवर पाच टाक्यांचे काम करते. तीच पळाटी मानकाइतक्या, म्हणजे २५ टक्क्यांच्या शेगडीत जाळली तर दहा टाक्यांचे काम करते. पाच टाक्यांचा फरक एका एकरात पडतो. हा ढोबळ हिशेब आहे. ज्याला शंका असेल त्याने आपल्या घरी आठ दिवस सरपण मोजून पाहावे. आम्हाला तेच हवे आहे.

दोन इशारे

धूर दिसत नाही म्हणजे धोका संपला असे समजू नका. डोळ्याला न दिसणारे कण या शेगडीतूनही थोडे निघतात, गॅसच्या शेगडीएवढी ती स्वच्छ नाही. खिडकी, कवाड उघडे ठेवा.

दुसरा इशारा जिवाचा आहे. ज्योत संपली की डब्यात लाल कोळसा उरतो. त्याला धूर नसतो, वास नसतो, पण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाला झोपेतच संपवतो. थंडीत ऊब मिळावी म्हणून हा डबा बंद खोलीत किंवा कोपीत नेऊन झोपू नका. कोळसा झाकणाच्या डब्यात ओतून हवा बंद करा. हवा तुटली की तो विझतो आणि पुढे इस्त्रीला किंवा शेगडीला कामाला येतो.

तुकडे कोण करणार?

शेवटचा प्रश्न आम्हाला मायबहिणींनी विचारला आणि तो आम्ही जसाच्या तसा तुमच्यापुढे ठेवतो. जुन्या चुलीत अख्खी पळाटी सारता येते. या शेगडीला तुकडे लागतात. ते कोण करणार? रानात वेचणी तिची, पाणी तिचे, स्वयंपाक तिचा आणि आता तुकडेही तिचेच, असे होणार असेल तर ही शेगडीसुद्धा माळ्यावर जाईल आणि जावीच. धूर वाचवून आपण तिच्या डोक्यावर दुसरे ओझे ठेवू.

या जिल्ह्याच्या पुरुषाच्या हातात कोयता आहे. तोच कोयता आणि एक लाकडी ओंडका घेतला तर उन्हाळ्यात सकाळच्या दोन तासांत पोते-दोन पोती तुकडे होतात. कडबा-कुट्टीच्या यंत्राच्या नादाला लागू नका, पळाटीने त्याची पाती बोथट होतात. चार-पाच घरांनी मिळून पळाटी कापायचे यंत्र भाड्याने आणले तर उत्तमच. पण यंत्र येईपर्यंत कोयता आहे आणि तो चालवणारा हात पुरुषाचा असला पाहिजे.

म्हणून या बैठकीपुढे आमची विनंती अशी. प्रत्येक गावातून दोन घरांनी यंदाच्या पळाटीवर ही शेगडी करून पाहावी. एक घर कोरडवाहू शेतकऱ्याचे असावे, एक ऊसतोडीला जाणाऱ्याचे. शेगडी चालली की नाही, हे त्या घरच्या बाईने सांगायचे, पुरुषाने नाही. कुठे धूर झाला, भाकरी कशी झाली, किती पोती तुकडे लागले आणि ते कोणी केले, एवढे चार प्रश्न लिहून पुढच्या जिल्हा बैठकीला आणायचे. फसलेल्या डब्यांची माहिती आधी आणा. आमचा पहिला डबा फसला तेव्हाच आम्हाला हवा कळली.

एवढे बोलून आम्ही थांबतो. बाहेर पडवीत तिसरा डबा भरून ठेवला आहे. तो पेटवायला एखाद्या मावशींनी पुढे यावे आणि भावांनी थोडे मागे सरकून वारा मोकळा सोडावा.